घरातला कोळी पाळायचाय, पहिल्यांदाच. काय काय लागेल?

खिडकीतली जाई

नमस्कार मंडळी,

लेक पाचवीत आहे आणि तिला काहीतरी पाळायचंय. वन बीएचके आणि दोघांच्या नोकऱ्या, त्यामुळे कुत्रा नको हे आधीच ठरलंय. मांजराने नवऱ्याला शिंका येतात. मासे आणून झाले, पण "ते माझ्याकडे बघतच नाहीत" या कारणासाठी नापास झाले. सध्या तिचा डोळा स्वयंपाकघराच्या खिडकीतल्या एका कोळ्यावर आहे. करडा-तपकिरी, नखाएवढा, जाळं वगैरे काही नाही. बोट जवळ नेलं की गर्रकन वळून बघतो आणि मग टुणकन उडी मारून ग्रिलमागे जातो. "हा माझ्याकडे बघतो", म्हणजे माशांपेक्षा उजवा.

तर प्रश्न असे: बरणीत ठेवला तर जगेल का? खायला काय घालायचं? चावतो का, चावला तर काय करायचं? बाथरूममध्ये तळहाताएवढा एक मोठा कोळीही अधूनमधून दर्शन देतो. लेकीचं म्हणणं, पाळायचाच तर तो पाळू. माझा ठाम नकार आहे, पण नकाराला शास्त्रीय आधार मिळाला तर बरं होईल.

"हाकलून द्या" हा सल्ला सासूबाईंकडून मुबलक मिळालाय. तो सोडून बाकी सगळं लिहा.

लोणचेबहाद्दर

चहा-खारी घेऊन बसलोय. येऊ द्या.

अष्टपाद

जाईताई, लेकीची निवड अगदी योग्य आहे. वर्णनावरून हा साल्टिसिडी कुळातला, उडी मारून शिकार करणारा कोळी दिसतोय. आपल्या घरांत यातले तीन नेहमी भेटतात. प्लेक्सिपस: त्यातल्या त्यात मोठा, साधारण एक सेंटिमीटरचा, नर काळा आणि अंगावर लांब पांढरे पट्टे, मादी मातकट. मेनेमेरस: चपटा, करडा, बाहेरच्या भिंतीवर आणि ग्रिलवर उन्हात फिरणारा. हॅसेरियस: त्याहून लहान, नर काळाभोर आणि तोंडापुढचे दोन अवयव पांढरे. तुमचा पहिल्या दोघांपैकी असावा. फोटो टाकलात तर नक्की सांगतो.

तो बघतो हा लेकीचा भास नाही. आठ डोळ्यांपैकी समोरचे दोन मोठे डोळे बारीक तपशील टिपतात, बाकीचे सहा आजूबाजूची हालचाल पकडतात. हालचाल जाणवली की तो अख्खा वळतो आणि मोठे डोळे तुमच्यावर रोखतो. मोठ्या डोळ्यांची बुबुळं फिरत नाहीत, आतला पडदा फिरतो. टॉर्च आणि भिंग घेऊन नीट पाहिलंत तर डोळ्यांच्या आतला रंग बदलताना दिसतो. लेकीला हे नक्की दाखवा.

आता घर. मिठाईवाल्याकडचा किंवा मुखवासाचा पारदर्शक उभा डबा घ्या, दहा सेंटिमीटर रुंद आणि पंधरा उंच असला की पुरे. सुई तापवून दोन बाजूंना समोरासमोर भोकं पाडा, म्हणजे हवा खेळती राहते. भोकं मोठी झालीच तर आतून मच्छरदाणीचा तुकडा चिकटवा. तळाला टिश्यू पेपर. कुंडीतली माती नको, तिच्यातून बुरशी आणि किडे येतात. आत एक सुकी फांदी तिरकी ठेवा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे डबा उलटा ठेवा, झाकण खाली. हे कोळी झोपायला रेशमाची पांढरी पिशवी विणतात, आणि ती नेहमी सगळ्यात वरच्या कोपऱ्यात. झाकण वर असेल तर पिशवी झाकणालाच चिकटते आणि दर वेळी उघडताना तुम्ही त्याचं घर फाडता. दोन-तीनदा असं झालं की तो विणणंच सोडतो आणि मलूल होतो.

पकडायचं कसं? पेला आणि लग्नपत्रिका. पेला वरून ठेवायचा, पत्रिका अलगद खालून सरकवायची. हाताने धरू नका. पाय तुटतात आणि घाबरला तर चावतोही.

खाणं-पाणी संध्याकाळी लिहितो, आता ऑफिसात आहे.

नाना नगरकर

मोकळ्या जिवाला बरणीत कोंडायचं आणि त्याला छंद म्हणायचं. खिडकीत आहे ना तो? मग तिथेच बघा की. मुलांना काय, चार दिवसांत मोबाइल आठवेल आणि तो बरणीत वाळून जाईल. स्पष्ट लिहिलं, राग नसावा.

चकलीचा सोऱ्या

नानांशी अर्धी सहमत. पण खिडकीत "बघणं" म्हणजे दिवसातून दोन मिनिटं दिसला तर दिसला. डब्यात असला की मुलं तासन्‌तास बसतात. माझ्या भाच्याने असाच कोळी ठेवला होता. दबा धरून, पोट खाली टेकवून, पाय आवळून माशीकडे इंच इंच सरकणारा कोळी पाहिला आणि पोरगं जेवण विसरलं. नंतर त्याच खिडकीत सोडून दिला. यात कोणाचं काय गेलं?

नाना नगरकर

माशीचं गेलं.

लोणचेबहाद्दर

खिक्!

अष्टपाद

नाना, मुद्दा रास्त आहे, टाळत नाही. हे कोळी माणसांच्या घरांतलेच आहेत, जगभर माणसामागून पसरलेले आणि भरपूर. एका खिडकीतून एक उचलल्याने त्यांचं काही बिघडत नाही. पण हाच न्याय जंगलाला लावू नका. आंबोलीला फिरायला गेलात, झाडाच्या ढोलीत टॅरँटुला (मोठा केसाळ कोळी) दिसला आणि डब्यात घालून आणला, हे साफ चूक. अभयारण्यातून तर काहीही उचलणं 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हाच आहे. शिवाय आपल्याकडचे झाडांवर राहणारे टॅरँटुला चावले तर स्नायूंमध्ये पेटके येतात, आणि ते बरेच दिवस छळू शकतात. नवशिक्याचं ते काम नाही.

माझा नियम: आपल्याच घरातला, अगदी साधा, आणि काही आठवडे पाहून जिथून आणला तिथेच परत. "पाळणं" हा शब्द थोडा मोठाच आहे खरा, पाहुणा समजा.

आता खाणं. त्याच्या अंगापेक्षा मोठं काही देऊ नका. पिल्लू असेल तर केळ्यावरची चिलटं, मोठा असेल तर घरमाशी, डास, छोटा पतंग, झुरळाचं अगदी बारकं पिल्लू. वाढ झालेल्याला दोन-तीन दिवसांतून एकदा पुरतं. कधी द्यायचं ते त्याचं पोट सांगतं: टम्म असेल तर थांबा, चपटं आणि सुरकुतलेलं दिसलं तर लगेच द्या. मुंग्या कधीच नाहीत. बहुतेक कोळी त्या खात नाहीत, उलट मुंग्याच त्याला फाडतात. डब्याला मुंग्या लागू नयेत म्हणून साखरेच्या डब्याखाली ठेवतो तशी पाण्याची ताटली ठेवा.

चिलटांची शेती सोपी आहे. अतिपिकलेलं केळं एका बरणीत उघडं ठेवा, चिलटं आत गेली की तोंडाला मलमल बांधा. साधारण दहा-बारा दिवसांत नवी पिढी उडायला लागते. कोळ्याला देण्याआधी चार-पाच चिलटं छोट्या बाटलीत घेऊन दोन-तीन मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा. सुस्तावतात, मग डब्यात टाकणं सोपं जातं. नाहीतर निम्मी स्वयंपाकघरात.

पाण्याची वाटी नको. जुना टूथब्रश पाण्यात बुडवून डब्याच्या एका भिंतीवर शिंतोडे उडवायचे. तो थेंबाला तोंड लावून पितो, दिसतं स्पष्ट. उपाशी बरेच दिवस काढेल, तहानलेला नाही काढणार. मुंबई-ठाण्यात पावसाळ्यात एक दिवसाआड पुरे. तळ ओला राहता कामा नये.

संत्रानगरी

आमच्या नागपुरात मे महिन्यात दिवसातून दोनदा शिंतोडे मारा बाप्पा! कूलरच्या झोतासमोर डबा ठेवू नका अन् उन्हात तर मुळीच नको. बंद डबा उन्हात दहा मिनिटांत तापतो, आतला जीव शिजतो. उजेड पाहिजे, ऊन नाही.

खिडकीतली जाई

अष्टपाद, तुम्हाला मनापासून धन्यवाद. प्रिंट काढून फ्रिजवर लावलंय. एक बाळबोध प्रश्न: रॅकेटने मारलेले डास चालतील का? आमच्याकडे संध्याकाळी ते पीक भरघोस येतं.

अष्टपाद

नाही चालत हो. त्याला हालचाल लागते, मेलेला डास त्याच्या लेखी कचरा. चिमट्यात धरून डोळ्यांपुढे हलवलात तर एखादा झडप घालतोही, पण जळका डास खाण्यात त्यालाही राम वाटत नसावा. जिवंत डास पेल्यात पकडा. आणि फवारा मारलेल्या किंवा खडूवरून चालून आलेल्या झुरळाचं पिल्लू देऊ नका, तेच विष कोळ्याच्या पोटात जातं. डास पळवायचं लिक्विडचं मशीन लावता का? त्या खोलीत डबा नको. पेस्ट कंट्रोल होणार असेल तर तो दिवसभर शेजारी द्या.

गोळ्या वेळेवर घ्या

पेशाने डॉक्टर, म्हणून चावण्याबद्दल मी लिहितो.

उडी मारणारा कोळी स्वतःहून चावत नाही. चिमटीत दाबला, कपड्यात अडकला तर चावू शकतो. मुंगी चावल्यासारखं दुखतं, थोडं लाल होतं, उतरतं. साबणाने धुवा, थंड पाण्याची पट्टी ठेवा. ज्याला कुठल्याही कीटकदंशाची तीव्र ॲलर्जी आहे, श्वास लागतो, ओठ-चेहरा सुजतो, त्याने मात्र थेट रुग्णालय गाठायचं, मग चावलेलं काहीही असो.

जास्त महत्त्वाचं दुसरंच. पावसाळा लागला की ओपीडीत रोज कोणीतरी "डॉक्टर, कोळी मुतला" म्हणून येतं. मानेवर किंवा कोपराच्या घडीत लालभडक पट्टा, त्यावर पाण्याचे फोड, आग आग. यात कोळ्याचा काडीचा संबंध नसतो. बहुतेक वेळा तो पेडेरस नावाचा काळा-नारिंगी पट्ट्यांचा, तांदळाच्या दाण्याहून थोडा लांब किडा असतो. ट्यूबलाइटकडे येतो, मानेवर बसतो, आपण झोपेत चिरडतो आणि त्याच्या शरीरातला द्रव कातडी जाळतो. तो चावतही नाही, डसतही नाही. दिसला तर चिरडू नका, फुंकर मारून उडवा आणि जागा साबणाने धुवा. दुसरं कारण म्हणजे नागीण, तो विषाणूचा आजार आहे. अंगाच्या एकाच बाजूला, पट्ट्यासारखे फोड आणि त्याआधीपासून ठणका. यावर कोळी मुतल्याचं समजून लेप लावत बसलात तर औषधाची वेळ निघून जाते. पहिल्या तीन दिवसांत गोळ्या सुरू झाल्या तर फरक पडतो.

ठाणेकर काकू

अगदी हेच! आमच्या यांना मानेवर आलं होतं, शेजारणीने तांदळाचं पीठ लावायला सांगितलं. शेवटी निघालं किड्याचंच. वाचनखूण साठवली आहे.

मांगरातली

बाथरूममधल्या मोठ्याबद्दल कोणीच लिहिलं नाही अजून. आमच्या गावच्या घरी न्हाणीघरात, मांगरात, देवघराच्या मागे, सगळीकडे असतो तो. आजी कधी मारू द्यायची नाही, झुरळं खातो म्हणायची. रात्री कंदील घेऊन गेलं की भिंतीवर पाय पसरून बसलेला, आणि पोटाखाली पांढरी चपटी चकती धरलेली. लहानपणी वाटायचं याने नाणं पळवलंय.

अष्टपाद

मांगरातली, तो "नाणंवाला" नव्हे, नाणंवाली. हेटरोपोडा वेनाटोरिया, आणि ती चकती म्हणजे अंड्यांची पिशवी. मादी ती पोटाखाली धरून हिंडते आणि त्या काळात जवळपास काही खात नाही. एका पिशवीत दोनशेच्या आसपास अंडी असू शकतात.

जाईताई, तुमच्या नकाराला आधार. एक, हा निशाचर आहे. दिवसभर सालीमागे चिकटून बसेल आणि लेक झोपली की फिरायला निघेल, म्हणजे माशांचीच तक्रार परत. दोन, वेग. झाकण उघडताच हातावरून खांद्यावर आणि तिथून कपाटामागे, तुम्ही किंचाळायच्या आत. तीन, याला डबा चांगला फूटभर तरी लागतो. चार, चावला तर प्राणघातक नाही, पण दुखतं सणसणून आणि सूज येते. आणि तो डब्याबाहेर फुकटात झुरळं खातोय. आयता कामगार पिंजऱ्यात कशाला घालायचा?

तशी याची कथा मोठी आहे. मूळचा आशियाच्या उष्ण भागातला असावा, पण जहाजांतून, केळ्यांच्या घडांतून जगातल्या सगळ्या उष्ण बंदरांत पोचला. स्वीडिश शास्त्रज्ञ लिनियसने 1767 साली त्याला नाव दिलं तेव्हाच तो बराच फिरून आलेला होता.

लीड्सकर

इथे इंग्लंडात सप्टेंबर उजाडला की दिवाणखान्यात असेच मोठे तपकिरी कोळी धावायला लागतात. पण जात निराळी, एराटिजेना. ते जाळं विणणारे, कोपऱ्यात चादरीसारखं जाळं आणि मागे बोगदा. धावणारे बहुतेक नर असतात, मादी शोधत निघालेले. माद्या बोगद्यातून सहसा हलत नाहीत. इथे मुलं सर्रास मादी पाळतात, काचेच्या टाकीत बोगदा स्वतःच विणते आणि दोन-तीन वर्षंही जगते. शरदात पकडलेला नर मात्र कोणी ठेवू नये, त्याचं आयुष्य तसंही संपत आलेलं असतं.

तुमच्याकडच्या उडी मारणाऱ्यांतही असा फरक आहे का?

अष्टपाद

आहे, आणि नवशिक्याने हे आधी बघायलाच हवं. तोंडापुढे जे दोन छोटे पायांसारखे अवयव असतात त्यांची टोकं मुष्टियोद्ध्याच्या हातमोज्यांसारखी फुगलेली दिसली तर तो वयात आलेला नर. तो डब्यात अस्वस्थ येरझाऱ्या घालतो, फारसं खात नाही, आणि मादीपेक्षा लवकर जातो. मुलांना त्याचा दोष लागतो उगाच. नर असेल तर आठवडाभर बघा, आरसा दाखवा (पुढचे पाय उंचावून स्वतःलाच दम देतो, बघण्यासारखं असतं, पण रोज नको), आणि सोडा.

बाहेरून आणलेली मादी बहुधा नराला भेटून आलेली असते, त्यामुळे एक दिवस अंडी घालेल हे गृहीत धरा. आणि कधीकधी सगळं नीट करूनही कोळी मरतो. आत एखाद्या परजीवी माशीची अळी किंवा कृमी आधीच वाढत असतो. पाळणाऱ्याच्या हातात काही नसतं.

चकलीचा सोऱ्या

परजीवीवरून आठवलं. कुंभारीण माशी खिडकीच्या चौकटीत मातीचं घर करते ना, एकदा रंगकामाच्या वेळी ते खरवडून काढलं तर आत कोळी ठासून भरलेले. सगळे मऊ, ताजे, पाय हलके हलत होते, पण पळता येत नव्हतं. तिने डंख मारून लुळे केलेले आणि प्रत्येक खोलीत एक अळी. नाना, तुमची बरणी याच्यापुढे पंचतारांकित.

नाना नगरकर

निसर्ग करतो ते पोटासाठी करतो. पण ठीक आहे, परत सोडणार असाल तर माझा विरोध मागे. एक मात्र करा. मुलीला वहीत रोज लिहायला लावा. काय खाल्लं, कधी झोपला. तेवढं तरी पदरात पडेल.

सांजपाखरू

अवांतर: या कोळ्यांपैकी एक अंतराळात जाऊन आलीय. 2012 साली आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावर उडी मारणाऱ्या जातीची एक मादी नेली होती, नाव नेफरतिती. इजिप्तमधल्या एका विद्यार्थ्याने सुचवलेला प्रयोग. वजनच नाही म्हटल्यावर उडी मारून माशी कशी पकडणार, असा प्रश्न होता. तिने जमवून घेतलं, जिवंत परत आली आणि काही दिवस वॉशिंग्टनच्या संग्रहालयात मुक्कामाला होती.

आणि आपल्या जवळचं. ठाणे-कल्याण भागात सापडलेल्या एका नव्या उडी मारणाऱ्या कोळ्याला 2021 मध्ये आयसियस तुकारामी असं नाव दिलं गेलं, 26/11च्या हल्ल्यात कसाबला धरून ठेवताना शहीद झालेल्या तुकाराम ओंबळे यांच्या स्मरणार्थ.

ठाणेकर काकू

हे माहीतच नव्हतं. इतकी वर्षं ठाण्यात राहते. नातवाला सांगते.

कंदिलवाला

मी वेगळंच सुचवतो. डबा, चिलटं, टूथब्रश एवढा उपद्व्याप कशाला? छताच्या कोपऱ्यात लांब काटकुळ्या पायांचा, उलटा लटकणारा कोळी असतो ना, क्रॉसोप्रायझा, तो पाळा. म्हणजे काय करायचं, तर दिवाळीच्या सफाईत एक कोपरा सोडायचा. बस. काडीने जाळ्याला हलकासा धक्का दिला की इतका जोरात गरगरतो की धूसर दिसायला लागतो. मादी अंड्यांचा गोळा तोंडात धरून बसते, नुसत्या डोळ्यांनी दिसतो. डास खातो, थायलंडमध्ये याच जातीचा डेंगीच्या डासांचा शत्रू म्हणून अभ्यास झालाय. दुसरे कोळीही खातो, त्यामुळे जाईताईंचा डबा त्याच्या कोपऱ्यात उघडा ठेवू नये.

खिडकीतली जाई

कंदिलवाला, सासूबाईंना तुम्ही सांगा. जळमटं दिसली की घरात अवदसा येते हे त्या आमच्या लग्नापासून सांगताहेत. कोपरा सोडला तर मलाच घर सोडावं लागेल.

बाकी बातमी: पकडला! पत्रिका चुलत दिराच्या लग्नाची, जाड आणि सोनेरी, भलतीच उपयोगी पडली. मोज्यांची टोकं फुगीर नाहीत, म्हणजे मादी किंवा पिल्लू. नाव ठेवलंय बकुळा. पहिल्याच दिवशी वरच्या कोपऱ्यात पिशवी विणली. दुसऱ्या दिवशी चिलट सोडलं. ती आधी वळली, मग थांबली, फांदीला मागचं टोक टेकवून धागा चिकटवला आणि मगच उडी. चुकली, पण खाली पडली नाही, धाग्यावर लोंबकळून परत वर चढली. लेक आणि तिचे आजोबा दोघंही डब्याला नाक लावून.

प्रश्न: आता बकुळा पिशवीतून बाहेरच येत नाही आणि खात नाही. आजारी आहे का?

अष्टपाद

पाय पोटाखाली मुडपलेत का? कोळ्याचे पाय आतल्या द्रवाच्या दाबाने सरळ होतात. पाणी कमी पडलं किंवा जीव जाऊ लागला की दाब उतरतो आणि पाय आत वळतात. तसं दिसलं तर टूथब्रशचा एक थेंब अगदी तोंडाजवळ द्या.

पाय ठीक असतील तर ती कात टाकायच्या तयारीत आहे. डब्यातली जिवंत चिलटं आजच काढून घ्या. कात टाकताना ती मऊ आणि हतबल असते, एखादा किडाही तिला कुरतडू शकतो. पिशवीला हात नाही, डबा हलवायचा नाही, लाइट मारून बघायचं नाही. भिंतीवर थोडं पाणी चालू ठेवा. आठवडा लागेल, जास्तही लागेल. बाहेर आली की रंग फिका असेल. लगेच खायला देऊ नका, दातांना कडक व्हायला दोन-तीन दिवस द्या.

वयात आलेली मादी असेल तर कात टाकणार नाही, मग अंडी समजा. पिल्लं बाहेर यायला काही आठवडे जातात. ती पिशवीबाहेर हिंडू लागली की डबा कुंड्यांमध्ये उघडा ठेवून द्या, आपापली वाट धरतात.

खिडकीतली जाई

कातच होती! पिशवीबाहेर आठ पायांची पोकळ खोळ, डोळ्यांच्या जागा सुद्धा दिसतात, काचेसारख्या. लेकीने ती खोळ कंपासपेटीत ठेवलीय आणि वर्गात दाखवून आली. बाईंनी ती सगळ्या तुकड्यांत फिरवली. आता तिच्या वर्गात डबे लावायची लाट आलीय. तेव्हा पालकांसाठी लिहा कोणीतरी: मुलं नक्की काय उचलू नयेत?

अष्टपाद

थोडक्यात. अंगणातल्या प्लॅस्टिकच्या खुर्च्यांखाली, कुंड्यांच्या कडेला, सायकलच्या सीटखाली अस्ताव्यस्त पण चिवट जाळं, त्यात गोल पोटाचा तपकिरी कोळी, पोटाखाली वाळूच्या घड्याळासारखी नारिंगी खूण आणि शेजारी काटेरी पृष्ठभागाच्या गोल अंडपिशव्या: ही ब्राउन विडो. आपल्या शहरांतही आढळते. भित्री आहे, पण चावली तर चांगलंच दुखतं, हात लावू नका. बिळातून किंवा ढोलीतून केसाळ, जाडजूड काही काढू नका. ज्याला ओळखत नाही त्याचा फोटो काढा, आयनॅचरलिस्ट या जीवजंतू ओळखायच्या संकेतस्थळावर टाका, ओळख पटली की मग ठरवा. आणि एका डब्यात एकच. दोन ठेवले तर सकाळी एकच उरतो, आणि तो जाड असतो.

मांगरातली

जाई, तुमच्या बाथरूमवालीचं काय झालं?

खिडकीतली जाई

अगं, परवाच दिसली, चकतीसकट. सासूबाई झाडू घेऊन निघाल्या होत्या. लेक आडवी आली आणि "आजी, तिच्याकडे दोनशे बाळं आहेत" म्हणाली. आकडा ऐकून सासूबाईंनी झाडू आणखी घट्ट धरला.

अष्टपाद

आजींना सांगा, बाळं घरात राहत नाहीत, बहुतेक पांगतात आणि बरीचशी पालीच्या पोटात जातात. मादीला पेल्यात बसवता येणार नाही. मोठं पातेलं आणि कॅलेंडरचा पुठ्ठा घ्या. चकतीला धक्का न लावता बाहेर झाडांत किंवा जिन्याखाली सोडा. घाई केली तर चकती टाकून पळते. रात्री करा, तेव्हा ती उघड्यावर बसलेली असते.

खिडकीतली जाई

पातेलं मिळणार नाही, ते दुधाचं आहे असं आतून कळलंय. बादली चालेल का?

अष्टपाद

पळेल. पण बादली आधी कोरडी करून घ्या, आणि झाडू असलेल्या माणसाला दुसऱ्या खोलीत बसवा.